लेबल नका बघू, झाकण बघा: मालिकेतल्या ड्रेसिंग टेबलवरच्या वस्तू ओळखण्याविषयी

प्रश्न एका ताईंचा आहे. रात्रीची जेवणं आटोपली की त्या सासूबाईंबरोबर मालिका बघतात. एकाच मालिकेतल्या तीन वस्तूंवरून दोघींचं जमत नाही. मालिकेतल्या सासूच्या उशाशी असलेली गडद हिरवी ट्यूब, सुनेच्या ड्रेसिंग टेबलवरची चौकोनी काचेची सेंटची बाटली, आणि १९८८ सालच्या फ्लॅशबॅकमध्ये दिसलेला पावडरचा गुलाबी डबा. सासूबाईंच्या मते हे सगळं शूटिंगपुरतं बनवलेलं, खोटं. ताईंचं म्हणणं, खरं आहे, मी दुकानात पाहिलंय. या वस्तू खऱ्या असतात का, आणि नाव दिसत नसताना कोणती वस्तू आहे हे ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं मराठी मालिकांच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करते. गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रोड, मीरा रोड असे सगळे सेट पायाखालून गेले आहेत. प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या राहिल्या की त्या खोलीत कुणीतरी खरोखर राहतं असं दिसायला हवं. ते माझं काम. त्यात ड्रेसिंग टेबल मला सगळ्यात जवळचं, कारण बाईचं वय, पैसा, माहेर, स्वभाव, सगळं त्या दोन फुटांत मांडता येतं.

आधी थोडक्यात सांगते. वस्तू बहुतेक वेळा खरीच असते, नाव झाकलेलं असतं. दोघीही अर्ध्या अर्ध्या बरोबर आहात.

खरी असण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. रोजच्या मालिकेला रोज एक एपिसोड द्यायचा असतो. सकाळी सीन हातात पडतो, दुपारी तो लागतो. अशा वेळी खोटी ट्यूब बनवायची तर कुणीतरी लेबल डिझाइन करणार, कुणीतरी छापून आणणार, चिकटवणार, चॅनेलच्या माणसाला दाखवणार. त्यापेक्षा नाक्यावरच्या दुकानातून खरी ट्यूब आणणं स्वस्त पडतं. आणि हाताळलेल्या खऱ्या वस्तूला जी कळा असते, ती छापलेल्या लेबलला येत नाही.

नाव झाकायचं कारणही व्यवहाराचंच. मालिकेच्या मध्ये ज्या जाहिराती लागतात, त्यात एखाद्या क्रीमची कंपनी असते. तिने पैसे मोजलेत. पडद्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव फुकट झळकलं तर चॅनेलच्या जाहिरात विभागाचा फोन येतो, आणि येणारच. म्हणून आम्ही बाटली अर्धी वळवून ठेवतो. नाही जमलं तर बाटलीच्याच रंगाची टेप लावतो, किंवा नावातलं एखादं अक्षर बदलून छापलेली पट्टी चिकटवतो. तरीही राहून गेलंच तर एडिटवर ब्लर करतात. मला स्वतःला ब्लर अजिबात आवडत नाही. धुरकट ठिपका दिसला की प्रेक्षकाची नजर पात्राच्या चेहऱ्यावरून निघून थेट तिथेच जाते.

अगदी खोटी, नवी नाव-गाव दिलेली वस्तू कधी लागते? जेव्हा तिच्यामुळे कथेत काही वाईट घडणार असतं. क्रीममध्ये काहीतरी मिसळलं, नायिकेच्या चेहऱ्यावर पुरळ आलं, शाम्पूने केस गळले, असा ट्रॅक असेल तर ती बाटली शंभर टक्के बनवलेली समजा. खऱ्या कंपनीच्या बाटलीतून विष निघताना कुणी दाखवणार नाही, कारण दुसऱ्याच दिवशी वकिलाची नोटीस येईल. म्हणून मालिकेत अचानक कधीही न ऐकलेल्या नावाचं, लेबल अगदी नीट समोर केलेलं क्रीम दिसलं, तर दोन-चार एपिसोडांत कुणाचा तरी चेहरा बिघडणार आहे.

परदेशातही हेच. १९६० च्या दशकातल्या जाहिरातवाल्यांवरची 'मॅड मेन' ही अमेरिकन मालिका २००७ साली सुरू झाली. तिच्यात बेल जोली नावाच्या लिपस्टिकचं गिऱ्हाईक आहे, ती कंपनी काल्पनिक. त्याच मालिकेच्या चौथ्या पर्वात पाँड्स कोल्ड क्रीम येतं, ते मात्र खरं. लेखकांनी खरं आणि बनवलेलं शेजारी शेजारी ठेवलं, तर दोन्ही सारखीच खरी वाटतात.

आता ओळखण्याकडे वळते. टेप नाव झाकते. आकार, झाकण, रंग आणि आतल्या द्रवाची पातळी यातलं काहीच ती झाकत नाही. निव्हियाची गडद निळी चपटी गोल डबी घ्या. हा निळा डबा १९२५ पासून चालत आलाय. पांढरी अक्षरं पूर्ण पुसली तरी तुम्ही ती डबी दहा फुटांवरून ओळखाल. मॅकची लिपस्टिक म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराची काळी नळी. शनेलची काळी चौकोनी, सोनेरी पट्ट्याची. ओल्ड स्पाइसच्या जुन्या पांढऱ्या बाटलीवरचं जहाज झाकलं तरी खाली रुंद, वर निमुळती अशी तिची ठेवण लपत नाही. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते की दुकानात गेलात तर लेबल वाचू नका, झाकणं बघा. झाकण साच्यात घडतं, आणि साचा बदलणं कंपनीला महाग पडतं. म्हणून लेबल चार वेळा बदललं तरी झाकण तेच राहतं.

दुसरी युक्ती आरशाची. ड्रेसिंग टेबल म्हटलं की आरसा आला, आणि आम्ही बाटली कॅमेऱ्याकडे पाठ करून वळवली तर तिचं तोंड आरशाकडे होतं. सेटवर घाई असते, आरशात काय दिसतंय हे बघायचं राहून जातं. तुम्ही ओटीटीवर एपिसोड बघत असाल तर तिथे थांबवा, स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलच्या फोटोच्या सोयीनेच तो आडवा उलटा करा. उलटी अक्षरं सुलटी होतात. आमच्या किती चुका प्रेक्षकांनी अशाच पकडल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. इतक्या बारकाईने कुणीतरी बघतंय, याचं समाधानच वाटतं.

रंगावर मात्र विसंबू नका. "तिने लावलेल्या लिपस्टिकची शेड कोणती?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं खरं उत्तर पडद्यावरून मिळतच नाही. सेटवरचा उजेड वेगळा, नंतर कलर करेक्शनमध्ये रंग बदलतो, तुमच्या टीव्हीचं सेटिंग तिसरंच. शिवाय मेकअप दादा एक शेड लावून त्यावर दुसरी थापतात. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे पात्राच्या टेबलवर जे मांडलेलं असतं, ते नटीच्या चेहऱ्यावर लावलेलं नसतं. चेहऱ्यावरचा मेकअप मेकअप रूममध्ये होतो. तिथे क्रायोलनच्या टीव्ही पेंट स्टिकसारखा कॅमेऱ्यासाठी बनवलेला माल असतो. क्रायोलन ही १९४५ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली, रंगभूमी आणि पडद्यासाठी मेकअप बनवणारी कंपनी. नायिका सीनमध्ये हातात घेते ती कॉम्पॅक्ट आमची, आर्टची, आणि कित्येकदा रिकामी. त्यामुळे "हिची त्वचा त्या टेबलवरच्या क्रीममुळे अशी आहे" असं समजून कुणी पैसे घालवू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे. त्या चेहऱ्यावर दीड तास मेहनत झालेली असते आणि समोर मोठा सॉफ्ट लाइट असतो.

सुनेच्या चौकोनी बाटलीबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती पारदर्शक आहे, कडा सरळ आहेत, पांढरं कोरं लेबल आहे आणि बुचाला हिऱ्यासारखे पैलू आहेत. हे वर्णन शनेल नंबर पाचशी जुळतं. १९२१ साली आलेला हा सेंट, आणि त्या बाटलीची ठेवण जगभर ओळखीची. तरीही ती खरी असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. यात एक मेख आहे. महागड्या वस्तूंचे आकार बाजारात सर्रास नक्कल होऊन मिळतात. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर रिकाम्या बाटल्या, जुन्या बाटल्या, तशाच दिसणाऱ्या बाटल्या मिळतात. आम्ही तिथूनच आणतो. आत पाणी आणि रंगापुरतं थोडं कोऱ्या चहाचं पाणी. खरा सेंट ठेवला तर बंद सेटवर वास कोंडतो, दिव्यांच्या उष्णतेत तो उडून जातो, आणि बारा तासांच्या शिफ्टमध्ये कुणाचं तरी डोकं उठतं. म्हणजे बघा, महाग वस्तूचा आकार तुम्हाला फक्त इतकंच सांगतो की आम्हाला तुम्हाला काय वाटायला हवं होतं: ही सून श्रीमंत घरातली आहे. स्वस्त वस्तूचा आकार मात्र खरं सांगतो. साठ-सत्तर रुपयांच्या तेलाच्या बाटलीची सेटसाठी नक्कल कोण करत बसेल?

पैसे देऊन ठेवलेली वस्तू वेगळी ओळखू येते. ती कोरी करकरीत असते, भरलेली असते, लेबल थेट तुमच्याकडे तोंड करून असतं, आणि तिच्याभोवती मोकळी जागा सोडलेली असते. त्यातून नटीने ती उचलली, नाव घेतलं आणि जावेला तिचे दोन गुण सांगितले, तर शंकाच नको. आम्ही तिला ब्रँड इंटिग्रेशन म्हणतो. त्या दिवशी कंपनीचा माणूस मॉनिटरजवळ खुर्ची टाकून बसलेला असतो. ब्रिटनमध्ये २८ फेब्रुवारी २०११ पासून अशी पैसे देऊन वस्तू दाखवायला परवानगी आहे, पण ब्रिटिश कार्यक्रमाच्या सुरुवातीला, शेवटी आणि जाहिरातीनंतर पडद्यावर इंग्रजी 'पी' अक्षराचं चिन्ह यावं लागतं. नुसती सजावट म्हणून, पैसे न घेता ठेवलेल्या वस्तूला ते लागत नाही. ही फोड मला फार योग्य वाटते. आपल्याकडे प्रेक्षकाला शेवटच्या नामावलीत भागीदारांच्या पाट्यांवरून अंदाज बांधावा लागतो. जुन्या काळी निदान सरळ मामला होता. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' लागायचं, प्रायोजक विको. जाहिरात मालिकेच्या आधी लागायची, मालिका मालिकेच्या जागी राहायची.

आता पावडरचा डबा. फ्लॅशबॅक हा माझा जिव्हाळ्याचा विषय, कारण तिथे चूक झाली तर वस्तू खरी असूनही खोटी ठरते. १९८८ मधला गुलाबी पावडरचा डबा असणं अगदी पटण्यासारखं आहे, पाँड्सची ड्रीमफ्लॉवर तेव्हा घरोघरी होती. पण प्रश्न डबा कोणत्या काळातला आहे याचा. पुढच्या वेळी तो फ्रेममध्ये आला की तीन गोष्टी बघा. एक, डबा पत्र्याचा आहे की प्लॅस्टिकचा. पत्र्याच्या डब्याला मागे उभी दुमडलेली शिवण असते, पोचा पडला की तो तसाच राहतो, आणि कडांना रंग उडून खालचा धातू चमकतो. प्लॅस्टिकला यातलं काही होत नाही. दोन, मागच्या बाजूला काळ्या रेघांचा बारकोड आहे का. आपल्याकडे ८९० ने सुरू होणारे बारकोड देणारी संस्था १९९६ ची आहे, म्हणजे १९८८ च्या डब्यावर तो असायचं कारण नाही. तीन, किमतीसमोरची खूण. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. जुन्या डब्यावर 'रु.' हवं.

ही तिसरी खूण मी कधीच विसरत नाही. एका मालिकेत आईच्या लग्नाचा, साधारण १९९० चा सीन होता. सगळं जमवलं होतं, स्टीलचा करंडा, लाल रिबिनी, लाकडी पाट. खोबरेल तेलाची बाटली मात्र आयत्या वेळी दुकानातून आणली आणि टेप लावताना मागची बाजू तशीच सोडली. सीनमध्ये नवरीची मावशी बाटली आडवी धरून तेल ओतते, आणि किमतीपुढचं ₹ क्लोजमध्ये स्पष्ट दिसतं. एपिसोड लागल्यावर साताऱ्याच्या एका आजींनी चॅनेलला पत्र पाठवलं. सही होती, पत्ता होता, आणि एकच ओळ: "तेव्हा असा रुपया नव्हता." ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

नावांचंही तसंच. लॅक्मे १९५२ मध्ये आलं, टाटांनी सुरू केलं. लक्ष्मीचं फ्रेंच रूप ते नाव. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच्या वाड्यातल्या कपाटात लॅक्मे दिसली तर ती चूक. त्या काळच्या शहरी बाईकडे स्नो हवा. मुंबईत पाटणवालांनी १९१९ साली आणलेला अफगाण स्नो चालेल. आपल्याकडे 'स्नो-पावडर' हा जोडशब्द रुळला तो अशाच बरण्यांमुळे. फेअर अँड लव्हली १९७५ ची, आणि जुलै २०२० मध्ये तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. त्यामुळे आता १९९५ चा सीन करायचा तर दुकानात मिळणारी ट्यूब चालत नाही. जुनी शोधा, नाहीतर नाव झाका. शाम्पूची पुडीही काळ सांगते. चिकसारख्या शाम्पूच्या पुड्या ऐंशीच्या दशकात पसरल्या. न्हाणीघराच्या खिळ्याला पुड्यांची माळ लटकलेली दिसली तर सीन त्यानंतरचा. आणि त्याही मागे, पेशवाईत किंवा एकोणिसाव्या शतकात गेलात तर ब्रँडचा प्रश्नच उरत नाही. तिथे फणेरपेटी हवी: झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, मेणाची डबी, पिंजर, काजळ. बाई आधी कपाळाला मेण लावते आणि मग त्यावर कुंकू टेकवते. एका मालिकेत नटीला थेट टिकली चिकटवताना पाहिलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं.

शेवटची खूण झिजेची. सेटवरच्या वस्तू दोन प्रकारच्या. नुसती मांडलेली ती सेट प्रॉपर्टी, नट हातात घेतो ती हँड प्रॉपर्टी. मांडलेल्या तेलाची पातळी तीन वर्षं तीच राहते. तुम्ही पहिल्या आणि पाचशेव्या एपिसोडची तुलना करा. आम्ही कंटिन्युइटीसाठी टेबलचे फोटो काढून ठेवतो आणि त्याप्रमाणेच परत मांडतो. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि कित्येक मालिका गोव्याला गेल्या. तेव्हा गोरेगावचं टेबल गोरेगावलाच कुलुपात राहिलं, मी फोटो बघून मडगावच्या बाजारात तशाच वस्तू शोधल्या. बाटल्या मिळाल्या, पण सगळ्या नव्या. दोन रात्री बसून मी त्यांचे कोपरे घासले, झाकणांना तेलाचे हात लावले, एकीचं लेबल ओल्या फडक्याने अर्धं सोलवटलं. वापरणाऱ्या बाईचा हात वस्तूवर दिसला पाहिजे. नवी कोरी बाटली मध्यमवर्गीय घरात एकच दिवस असते.

आणि म्हणूनच तुमच्या हिरव्या ट्यूबबद्दल मी सगळ्यात ठामपणे बोलू शकते. गडद हिरवी, काळं झाकण, आणि तुम्हीच लिहिलंय की खालून गुंडाळत आणलेली आहे. ती गुंडाळी सोडल्यावर उलगडत नाही, म्हणजे ट्यूब धातूची आहे. प्लॅस्टिकची ट्यूब पिळून सोडली की फुगून परत जागेवर येते, धातूची दाबली की तशीच राहते. हिरवी धातूची ट्यूब, काळं झाकण, आणि म्हाताऱ्या बाईच्या उशाशी: ती बोरोलिन आहे. १९२९ साली कोलकात्यात सुरू झालेली, हत्तीची खूण असलेली. तुमच्या मालिकेत तो हत्ती कधी दिसत नाही, कारण ट्यूब त्या बाजूने पालथी ठेवलेली असते. त्या मालिकेवर मी काम करत नाही, पण ज्याने ती ठेवली त्याला घरातली म्हातारी माणसं ठाऊक आहेत. ओठ, टाचा, भाजलं-कापलं, सगळ्याला एकच ट्यूब, आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत गुंडाळत जायची. सासूबाईंना सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये ती बाई पांघरूण घेताना ट्यूब जराशी हलेल. तेव्हा थांबवून बघा, कदाचित हत्ती दिसेल.